कुशीतला उबारा

पोटात गहू भरलेलं कापडी अस्वल. मिनिटभर मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं, काढून जरा हलवायचं आणि उराशी धरून झोपायचं. असे ससे, अस्वलं, हत्ती आता घरबसल्या मागवता येतात. ज्यांचं पोट दुखतं, ज्यांची बोटं थंडीने आखडतात, ज्यांना एकटं झोपवत नाही, अशा लहानांसाठी आणि मोठ्यांसाठीही ते असतात. गव्हाच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. मायक्रोवेव्ह तो ओलावा तापवतो आणि दाणा ती उष्णता सावकाश सोडत राहतो. वस्तू नवी दिसते. पण तापवलेलं काहीतरी कापडात गुंडाळून अंगाशी धरायची रीत फार जुनी आहे. नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या पेठ तालुक्यात तिचा माग काढायला गेलं, की तो जंगलातून, कापडाच्या टंचाईतून आणि बाळंतिणीच्या खोलीतून जातो.

नाशिक सोडून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडला की देश मागे पडतो. नागली, वरई, भात आणि खुरासणीची उताराची शेतं लागतात. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची ही वस्ती. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि दिवाळीनंतर दऱ्यांत साचणारी थंडी. जुनं घर कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर गवताची शाकारणी. अशा घरात भिंत थंडी अडवते ती थोडीच. अडवते ती चूल.

चूल फक्त स्वयंपाकापुरती नव्हती. तिच्याभोवती माणसं झोपत, तिच्या धुराने शाकारणीतली कीड मरे, वर टांगलेलं बियाणं सुकं राही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि पहाटे फुंकर घालून पुन्हा जागे करायचे, हे घरातल्या बाईचं रोजचं काम. बाहेर खळ्यावर राखणीला गेलेल्यांची आगटी वेगळी. नागलीची मळणी ऐन थंडीत येते, त्यामुळे धान्य घरात येईपर्यंतच्या रात्री आगटीच्या आधारानेच काढायच्या. पुढून भाजतंय आणि पाठ गारठलीय, हे शेकोटीचं दुखणं ज्याने अशी रात्र काढली त्याला ठाऊक असतं. शेकोटी अंगाशी धरता येत नाही. तिच्याकडे तोंड करून बसावं लागतं आणि झोप लागली की ती विझते.

आणि तिला लाकूड लागतं. इथे पेठचा राजकीय इतिहास थेट चुलीपर्यंत येऊन भिडतो. पेठ हे एके काळी छोटं संस्थान होतं. १८५७ च्या डिसेंबरात इथल्या आदिवासींनी उठाव केला, हरसूलच्या बाजारावर हल्ला झाला, आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावाला इंग्रजांनी फाशी दिलं. पुढे १८७८ मध्ये संस्थानच्या बेगमेच्या निधनानंतर संस्थान पूर्णपणे इंग्रजी अमलाखाली गेलं. त्याच १८७८ साली भारतीय वन कायदा आला. जंगलं आरक्षित आणि संरक्षित अशी वाटली गेली, आणि कोणतं लाकूड कोणी, कधी, किती घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे गेला. सागाची किंमत सरकारला कळत होती. डोक्यावरच्या मोळीची किंमत त्या हिशेबात कुठेच नव्हती. पुढच्या पिढ्यांत सरपण आणणं हे वनखात्याच्या नजरेखालचं काम झालं.

हा हिशेब अजून मिटलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या वनजमिनीचे आणि गौण वनोपजाचे हक्क मान्य केले, पण दावे रखडत राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकरी मोर्चा चालत गेला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांची मुख्य मागणी जमिनीची होती, सरपणाची नव्हती. पण दोन्हींच्या मुळाशी १८७८ चाच प्रश्न आहे, हे विसरून चालणार नाही. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला. त्याने बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर कमी केला, ही मोठीच गोष्ट. मात्र गॅसवर चहा होतो, घर तापत नाही. म्हणून सिलिंडर असलेल्या घरांतही थंडीत अंघोळीच्या पाण्यासाठी आणि शेकण्यासाठी चूल पेटतेच.

आगीची ऊब बाहेरून येते. दुसरी ऊब माणसाच्या स्वतःच्या अंगातली, ती फक्त राखायची असते. त्यासाठी लागते घोंगडी किंवा गोधडी.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. लोकर कातरणारे आणि सूत कातणारे धनगर, विणणारे सणगर. खड्ड्याच्या मागावर पट्टी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात; त्याने ती ताठ होते आणि पाऊसही बराच थोपवते. नवी घोंगडी अंगाला टोचते, वर्षा-दोन वर्षांनी मऊ पडते. लोकरीचा एक गुण विलक्षण आहे: तिच्या तंतूंत हवेतला दमटपणा शिरताना थोडी उष्णता बाहेर पडते. ओलसर हवेतही घोंगडी एकदम गार पडत नाही, ती यामुळे. घाटमाथ्याच्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन गुरांमागे फिरणाऱ्याला हे शास्त्र माहीत असायची गरज नव्हती; घोंगडी आणि इरलं यांत कुठल्या दिवशी काय घ्यायचं हे त्याला बरोबर कळे.

गोधडीची गोष्ट निराळी. तिला लोकर नको, माग नको, विकत काही नको. हवं फक्त जुनं कापड. जीर्ण लुगडं वरच्या-खालच्या पदराला, कारण धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं. पोटात धोतराचे तुकडे, फाटकी पोलकी, सदऱ्याच्या बाह्या. जमिनीवर सारं नीट पसरायचं, सुरकुत्या हाताने सारायच्या, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि कडेने टाके घालत आत आत यायचं. एक बाई एका टोकाला, दुसरी दुसऱ्या. टाका लहान आणि जवळ पडला तर गोधडी टिकते, पण घट्ट होऊन ऊब कमी देते. फार लांब पडला तर पोटातलं कापड गोळा होतं. ऊब देणारं कापड नसतंच मुळी. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. टाक्यांचं अंतर म्हणजे ती हवा किती ठेवायची याचा निर्णय, आणि तो निर्णय हाताने शिकायचा असतो.

पण जुनं कापड व्हायला आधी नवं कापड यावं लागतं. पेठसारख्या भागात, जिथे बाई गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं आणि फडकी यांवर वर्ष काढायची, तिथे गोधडीच्या पोटात घालायला उरणार किती? कापडाची टंचाई म्हणजेच उबेची टंचाई होती. खाली भाताचा पेंढा पसरायचा, वर एकच कांबळं किंवा गोधडी, आणि तिच्याखाली सगळी पोरं. आजीच्या पोटाशी धाकटं, तिच्या पाठीशी मोठं. कडेला झोपणाऱ्याची रात्र वाईट, म्हणून मधली जागा लहानांची. या झोपण्याच्या रचनेत जी शहाणीव आहे तिची वैद्यकाने दखल घ्यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला.

मधल्या काळात दुखणाईतासाठी आणि बाळंतिणीसाठी तापवलेल्या वस्तू होत्याच. तव्यावर भाजलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी, चुलीच्या कडेला तापलेली वीट फडक्यात गुंडाळून, रुईच्या पानाला तेल लावून दिलेला शेक, पोट दुखणाऱ्या तान्ह्याच्या बेंबीभोवती हिंग आणि वरून तव्यावर गरम केलेली कापडाची घडी. घडी आधी आई स्वतःच्या गालाला लावून बघणार आणि मगच बाळाच्या पोटावर ठेवणार. गव्हाच्या अस्वलाची हीच खरी पूर्वज मंडळी.

बाळंतिणीची शेकशेगडी महाराष्ट्रभर होती. बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, त्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. बाळाला टोपडं, कुंची, दुपटं. आईच्या दुखऱ्या कमरेला आणि थकलेल्या अंगाला शेकाने बरं वाटे, हे खरंच. पण या जुन्या रीतीत दोन गोष्टी घातक होत्या आणि त्या स्पष्ट बोलायला हव्यात. बंद खोलीतला धूर नवजात फुप्फुसांना सोसत नाही. आणि दुसरी त्याहून मोठी: सगळं लक्ष आईकडे असताना, अनेक भागांत वार पडेपर्यंत बाळ तसंच ओलं बाजूला ठेवलं जाई आणि मग लगेच त्याला अंघोळ घातली जाई. जिथे सर्वांत जास्त ऊब हवी तिथेच ती नव्हती.

नवजात बाळाला थंडीने थरथरता येत नाही. मोठा माणूस कुडकुडतो आणि त्यातून उष्णता तयार होते. बाळाकडे त्याऐवजी मान, खांदे आणि मूत्रपिंडाभोवती तपकिरी चरबीचा लहानसा साठा असतो, तो जाळून ते गरम राहतं. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळाकडे हा साठाही अपुरा. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, कातडी पातळ, डोकं मोठं आणि उघडं. अंगाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला जागतिक आरोग्य संघटना थंडावणं मानते. थंडावलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून साखर उतरते, साखर उतरली की आणखी थंडावतं. हे बहुतेकदा गाजावाजा न होता घडतं. बाळ रडत नाही, शांत पडून असतं, आणि घरच्यांना वाटतं झोपलंय.

जगाने थंडीवर निखारा, पाणी, रबर, वीज असे सगळे उपाय करून पाहिले. काश्मीरमध्ये मातीच्या भांड्यात निखारे घालून ते वेताच्या विणीत बसवतात आणि फेरनच्या आत पोटाशी धरतात, ती कांगडी. तिच्यासारखी अंगालगतची ऊब दुसरी नाही, पण वर्षानुवर्षं शेकून पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद डब्ल्यू. जे. एल्म्स्ली या डॉक्टरांनी १८६६ मध्ये केली. १९०३ मध्ये झाग्रेबच्या स्लावोल्युब पेनकाला यांनी गरम पाण्याच्या रबरी पिशवीचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या घराघरांतली शेकाची पिशवी त्याच घराण्यातली. आणि १९०७ च्या सुमारास जर्मनीतल्या गिएंगेन गावी, मार्गारेटे श्टाइफ यांच्या ज्या कारखान्याने टेडी बेअर घडवलं त्याच कारखान्यात एक वेगळं अस्वल तयार झालं. त्याचं पोट दोरीने बांधायचं होतं. गाठ सोडली की आत गरम पाण्याचा पत्र्याचा डबा बसवता येई. ते फारसं खपलं नाही आणि काही वर्षांतच बंद पडलं. उराशी धरायचं खेळणं आणि शेकाची पिशवी या दोन वस्तू एक करण्याची कल्पना अशी सव्वाशे वर्षांच्या घरातली आहे.

याच कल्पनेची सर्वांत कठोर परीक्षा १९५८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात झाली. हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्लं आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ टेरी कापडात मढवलेली. दोघींनाही ऊब दिलेली होती. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं ते पिऊन परत कापडाच्या आईला येऊन बिलगत, आणि भीती वाटली की तिच्याकडेच धावत. पिल्लांचे त्या प्रयोगांत जे हाल झाले ते वाचवत नाहीत, आणि त्या हालांची जाण विसरून हा दाखला देणं बरोबर नाही. पण जे दिसलं ते पेठच्या गोधडीखाली झोपणाऱ्या पोरांच्या बाबतीतही खरं होतं: नुसतं तापमान पुरत नाही, बिलगायला काहीतरी मऊ हवं असतं.

महाराष्ट्राने या इतिहासात स्वतःची भर घातली ती गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, फारसं शिक्षण न झालेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, तापमान घ्यायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखायचा; आणि बाळ थंडावलं तर त्याला पुसून, गुंडाळून, शिवलेल्या उबदार पिशवीत ठेवायचं. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने हा निबंध छापला. यश अर्थातच एकट्या पिशवीचं नव्हतं. पण साध्या कापडी पिशवीला थर्मामीटर आणि इंजेक्शन यांच्या पंक्तीला बसवलं गेलं, ही जुन्या दुपट्याला मिळालेली वैद्यकीय मान्यताच होती. याच धर्तीवर २०११ मध्ये देशभर गृहाधारित नवजात शिशू संगोपन कार्यक्रम सुरू झाला आणि पेठसह सगळीकडच्या आशाताईंच्या हाती वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाचं ब्लँकेट आलं.

दरम्यान स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २००७ च्या एका वर्गातून ‘एम्ब्रेस’ नावाची पिशवी जन्मली आणि २०११ पासून भारतात वापरात आली. तिच्या पाठीशी मेणासारख्या पदार्थाची पिशवी असते. तो पदार्थ तापवून वितळवायचा. पुन्हा गोठताना तो ३७ अंशांवर चार ते सहा तास स्थिर राहतो. वाळूची पुरचुंडी आधी चटका देते आणि मग लवकर निवते. हा दोष मेणाने दूर केला.

तरीही बाळासाठी सर्वांत भरवशाचं साधन निघालं ते कुठल्याच दुकानात न मिळणारं. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७८ मध्ये इन्क्युबेटर कमी पडत होते, म्हणून डॉ. एदगार रेय यांनी कमी वजनाची बाळं थेट आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून त्याला उभं धरायचं आणि वरून आईचा पदर किंवा बांधणी. यालाच कांगारू माता पद्धत म्हणतात. आईची कातडी बाळाला हवी तेवढी उष्णता देते आणि शेजारीच दूध असतं. हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत ८,४०२ बाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धत घरी वापरल्यावर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतून दुसरा निष्कर्ष आला: अगदी लहान बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच छातीवर घेतलं, तर मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतं. आई आजारी असेल तर बाप, आजी, मावशी कुणीही बाळ धरू शकतं.

म्हणून गव्हाच्या अस्वलाची जागाही नीट ठरवायला हवी. शाळकरी मुलाला, संधिवाताच्या आजोबांना, पाळीत पोट दुखणाऱ्या मुलीला ते चांगलंच. तान्ह्याच्या पाळण्यात मात्र तापवलेली पिशवीही नको आणि मऊ खेळणंही नको. एकाने कातडी भाजते, दुसऱ्याने श्वास कोंडू शकतो.

पेठमध्ये आज प्रसूतीसाठी आरोग्य केंद्र गाठण्याचा आग्रह आहे, आशाताई घरी येतात, बाळाला लगेच अंघोळ घालू नका हे आता सुनांनाही माहीत आहे आणि सासवांनाही. प्रसूती दवाखान्यात झाली तर जन्मानंतरच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट ठरलेली असते. प्रसूती घरी झाली तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. प्रत्येक भेटीत बाळाच्या काखेत थर्मामीटर लागतो.

अडचण येते ती खरीप संपल्यावर. डोंगरउताराच्या शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून पेठ आणि सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला उतरतात. गाठोड्यात भांडी, नागलीचं पीठ आणि गोधडी. मुक्काम बागेच्या कडेला, ताडपत्रीच्या किंवा पत्र्याच्या आडोशाला. निफाड हा राज्यातल्या सर्वांत थंड तालुक्यांपैकी एक. तिथे पारा फारच उतरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं त्यामानाने कोमट पाणी ठिबकने सोडतात. वेलींच्या थंडीची चिंता बाजारभावाशी बांधलेली असते, त्यामुळे ती वेळेवर केली जाते. मजुराच्या आडोशातलं वीस-पंचवीस दिवसांचं बाळ पेठमधल्या आशाताईच्या वहीत असतं आणि तिची पुढची भेट पेठमधल्याच घरी ठरलेली असते. स्थलांतरित बालकांची आणि गरोदर-स्तनदा मातांची नोंद एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पोचावी म्हणून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने संगणकीय प्रणाली सुरू केली आहे. ती नोंद दिंडोरीच्या अंगणवाडीताईपर्यंत बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसाआधी पोचायला हवी.